शिमग्यातलं फळ्यावर

फाल्गुन लागला की आमच्या वाडीला एक वास येतो, काजूच्या बोंडांचा. झाडाखाली पडून उन्हात आंबायला लागलेली बोंडं, त्यांच्यावर घोंघावणाऱ्या माश्या, आणि वरच्या कातळावरून उतरणारा भट्टीसारखा वारा. त्या वाऱ्यावर मग समोरच्या डोंगरापलीकडच्या गावचा ढोल ऐकू येतो. त्यांची पालखी बाहेर पडलेली असते, आमची दोन दिवसांनी पडायची असते. मुंबईहून माणसं उतरतात, घराघरात डाळ शिजते, ज्याला त्याला आनंद होतो. मलाही होतो, नाही असं नाही. पण माझा हात शिवशिवतो. उगीच पदराला पुसत राहते. सूनबाई म्हणते, "आई, बसा हो जरा एका जागी. पालखी काय तुम्हाला सोडून जाणार आहे?" बसते. आणि परत उठते.

यंदा तर फोन घेऊन बसले होते तिथूनच उठले. वाडीचा ग्रुप आहे ना, त्यात कोणी तरी उपकेंद्रातल्या नर्सबाईंबद्दल लिहिलं होतं, की त्या औषधं परस्पर विकतात. शेजारची संजना ओट्यावर येऊन म्हणाली, "काकी, बघितलंत? पाठवा की पुढं तुमच्या माहेरच्या ग्रुपवर."

"कोणी बघितलंन विकताना?"

"सगळे बोलतायत."

"सगळे म्हणजे कोण गो? एकाचं नाव सांग."

"काकी, तुम्ही पण ना! शिमगा आहे, होऊ दे की जरा गंमत."

शिमगा आहे, होऊ दे. बाईनं अगदी नेम धरून मारल्यासारखं वाक्य टाकलं. ती गेली, पण मला काही चैन पडेना. मी चुलीकडं गेले, विहिरीकडं गेले, पेरूच्या झाडाची सुकलेली फांदी विनाकारण मोडून आले. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा एक शिमगा माझ्या मानेवर बसलेला आहे, तो दर वर्षी उतरतो असं वाटतं आणि दर वर्षी परत चढतो.

ज्यांना आमचा शिमगा ठाऊक नाही त्यांना आधी फाका काय ते सांगायला हवं. होमाच्या जागेवर गावातले गडी गोल करून उभे राहतात. एकजण हाळी देतो, बाकीचे छाती फुटेपर्यंत ओरडून उत्तर देतात. हाळीत नाव असतं, खरंखुरं, गावातल्या माणसाचं. सरपंच असो, मास्तर असो, मानकरी असो, फाक्यातून कोणी सुटत नाही. शिव्याही असतात, त्या मी इथं लिहीत नाही. वय झालंय आणि नातसून वाचेल. पण या सगळ्याला एक नियम होता, कोणी न लिहिलेला: शिमग्याचं शिमग्यात. होमाची राख कपाळाला लागली की बोललेलं जळालं. दुसऱ्या दिवशी ज्याचं नाव घेतलं त्याच्याच ओट्यावर बसून त्याच्याच घरची पोळी खायची. वर्षभर ज्याच्यासमोर मान वर करायची सोय नाही त्याला पाच दिवस तोंडावर बोलून घ्यायचं. म्हणजे बघा, आमच्याकडं बोलायचं स्वातंत्र्य होतंच, फक्त पंचांगात बघून मिळायचं.

आम्ही बायका मात्र तिथं उभ्या राहत नसू. आम्ही दाराआडून ऐकायचो. ऐकत नाही असं दाखवून, तांदूळ निवडत निवडत, एक शब्द न सोडता ऐकायचो. हे 'दाराआडून' नीट लक्षात ठेवा, माझं सगळं तिथंच चुकलं.

पालीहून वर चढलं की आमचं गाव. एस.टी.च्या थांब्याजवळ वाचनालयाची एक खोली होती आणि तिच्या बाहेरच्या भिंतीवर फळा. खोली सांभाळायचे कांबळे गुरुजी, बौद्धवाडीतले, शाळेतून निवृत्त झालेले. रत्नागिरीहून दुपारच्या गाडीनं वर्तमानपत्र यायचं. गुरुजी ते वाचायचे आणि चार ओळी फळ्यावर लिहायचे, कारण एक वर्तमानपत्र पन्नास डोळ्यांना कुठून पुरणार? पुढं त्यांचा हात थरथरायला लागला. मी तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर. शाळा चौथीपर्यंत, पण वाचायचा नाद फार. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी सरळ करून वाचायची. आमचे हे मुंबईला गोदीत कामाला, घरात मी आणि सासूबाई. गुरुजी एकदा म्हणाले, "पार्वतीबाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. खडू घ्या."

सासूबाई म्हणाल्या, "खडू घेऊन बाई रस्त्यावर उभी राहणार?"

गुरुजी म्हणाले, "भिंतीकडं तोंड करून उभ्या राहतील की, आजी."

अशी मी फळ्यावर गेले. मुंबई-दिल्लीच्या दोन ओळी, पावसाची एक, आणि खाली गावची एक. कोणाची म्हैस दाव्यातून सुटून दोन दिवस झाले, दवाखान्याचे डॉक्टर कुठल्या वारी येणार. खरं सांगते, लोक दिल्ली सोडून आधी खालची ओळ वाचायचे. आणि माणसं थांबून आपलं अक्षर वाचतायत हे मागून बघताना अंगात एक रग येते. ती चांगली असते का वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही.

त्या साली नळयोजना आली होती. आमची वाडी आणि बौद्धवाडी, दोन्हींना मिळून एक टाकी. टाकी उभी राहिली, पाइप ट्रकनं आले, पंचायतीच्या मागं रचलेले आम्ही सगळ्यांनी पाहिले. दिवाळीनंतर ते दिसेनासे झाले. कागदावर योजना पूर्ण, आणि आम्ही फाल्गुनात डोक्यावर हंडा घेऊन पऱ्यातल्या, म्हणजे आटलेल्या ओढ्यातल्या, डबक्यावर. बौद्धवाडीतल्या बायकांना तर आमच्याहून दुप्पट चाल. तेव्हा मी फळ्यावर लिहिलं: "नळयोजनेचे पाइप कुठे गेले?" बस, एवढंच.

सरपंच, त्यांना सगळे अण्णा म्हणत, दुसऱ्या दिवशी दारात हजर. ओट्यावर टेकलेसुद्धा नाहीत.

"पार्वते, हा उद्योग करायला तुला कोणी सांगितलान?"

"कोणी नाही अण्णा. पाइप दिसत नाहीत म्हणून विचारलं."

"मला विचारायचं. भिंतीला काय विचारतेस?"

"तुम्हाला तीनदा विचारलं. भिंत निदान ऐकून तरी घेते."

सासूबाईंनी आतून भांडं आपटलं. अण्णा गेले. संध्याकाळी फळा पुसलेला होता. मी परत लिहिलं. परत पुसलं गेलं. असं चार दिवस चाललं आणि पाचव्या दिवशी शिमगा लागला.

होमाच्या दिवशी दिवेलागणीला मी मागच्या दारात तांदूळ निवडत बसले होते. हाळी आली:

"गावाचा पाइप कोणी गिळलाऽऽन?"

आणि शंभर गळ्यांचं उत्तर:

"गंग्यान गिळलान!"

परत हाळी, परत उत्तर. डोंगर घुमला. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. गंगाराम पंचायतीचा शिपाई, मागच्या खोलीची किल्ली त्याच्याच कमरेला. मला वाटलं, अरे! सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि मी एकटीच भिंतीला विचारत बसले. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "त्याच्याकडंच किल्ली, दुसरं कोण नेणार?" झालं. माझ्याजवळ साक्षीदार शंभर आणि पुरावा एक किल्ली.

सकाळी मी लिहिलं, अक्षर नेहमीपेक्षा मोठं: "नळयोजनेचे पाइप पंचायतीचे शिपाई गंगाराम यांनी नेल्याचे समजते."

हे 'समजते' मी वर्तमानपत्रातून उचललं होतं. काय छान शब्द आहे! कोणाला समजतं, कोणाकडून समजतं, काही सांगावं लागत नाही. शेपटीला 'समजते' बांधलं की वाक्य कोणाच्याही अंगणात सोडून द्यावं, आपण मोकळे.

त्या दिवशी फळा कोणी पुसला नाही. अण्णा समोरून गेले, वाचलं, आणि माझ्याकडं बघून मान डोलावली. प्रश्न लिहिला तेव्हा चिडले आणि नाव लिहिलं तेव्हा खूश झाले. तिथंच मला कळायला हवं होतं. नाही कळलं. उलट मला वाटलं, जिंकले!

तिसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं एक पाहुणे उतरले, डोक्याला पांढरी टोपी, हातात मिठाईचा पुडा. गंगारामाच्या सुनंदाचं लग्न ठरत आलं होतं, हे त्या मुलाचे मामा, दिवस धरायला आलेले. गाडीतून उतरलं की समोर फळाच. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मी आत कपाट पुसत होते, मला बोलावून विचारलं, "बाई, हे गंगाराम म्हणजे तेच काय, ज्यांची मुलगी सुनंदा?" मी म्हटलं, "हो, तेच." किती सरळ म्हटलं! त्यांनी तो पुडा दुसऱ्या हातात घेतला आणि उलट जाणाऱ्या गाडीत बसले. दोन दिवसांनी निरोप आला, विचार करून कळवतो. असा निरोप म्हणजे काय, हे मुलीच्या घरी कोणी सांगावं लागत नाही.

गुरुजी शिमग्यात होमाजवळ उभे राहत नसत, पण होमाच्या संध्याकाळी ते पायवाटेनं घरी जाताना थांबले होते. निरोपानंतर ते वाचनालयात आले, फळा वाचला आणि मला अगदी हळू म्हणाले, "पार्वतीबाई, तो फाका तुम्ही ऐकलात. बघितलात का?"

"आम्ही बायका कुठं बघतो, गुरुजी?"

"हाळी कोण देत होतं ठाऊक आहे? गंगाराम. स्वतः. मध्ये उभा राहून पोटावर हात मारत होता. त्याचं पोट कुठाय? तो बांबूसारखा. म्हणून तर सगळे हसत होते, की हा जो स्वतःच पाइपसारखा दिसतो त्यानं पाइप गिळलान म्हणे. अण्णा पुढंच उभे होते ना, त्यांचं नाव घेणार कोण? यानं आपलं घेतलं, म्हणजे विषय तरी निघाला."

दाराआडून शब्द आले होते, हसू आलंच नव्हतं. माणूस स्वतःवर विनोद करून गावाच्या वतीनं विचारत होता, जो प्रश्न मी विचारत होते तोच, त्याच्या पद्धतीनं. आणि मी त्याचंच वाक्य उचलून त्याच्या गळ्यात अडकवलं होतं. ओरडलेलं होमात जळतं, पण खडूनं लिहिलेलं जळत नाही. उन्हात आणखी पांढरं दिसतं.

मी लगेच फळा पुसला. पुसून काय होतं? वाचलेलं कोणाच्या डोक्यातून पुसायचं?

आता अण्णांना पाहिजे ते मिळालं. त्यांनी ग्रामसभा बोलावली. ठराव असा, की फळ्यावर जे लिहायचं ते आधी पंचायतीला दाखवून सही घ्यायची, नाही तर फळा काढायचा. आणि गंगारामानं तशी लेखी तक्रार द्यायची. सभेच्या आदल्या दिवशी मी बौद्धवाडीत गुरुजींच्या घरी गेले. म्हटलं, "गुरुजी, काढू दे फळा. माझी लायकी नाही."

गुरुजींनी कपाटातून राज्यघटनेचं पुस्तक काढलं, लाल कापडात बांधलेलं. घरात दुसरे लोक पोथी ठेवतात तसं त्यांच्याकडं ते. एकोणिसावं कलम काढून म्हणाले, "वाचा मोठ्यानं." मी वाचलं. भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य सगळ्या नागरिकांना. मला बरं वाटलं. "आता खालचं वाचा." खाली वाजवी निर्बंधांचं होतं, त्यात अब्रुनुकसानी होती. तो शब्द मी हळू वाचला.

"दिसलं?" गुरुजी म्हणाले. "दार आणि उंबरठा एकाच कलमात आहेत. उंबरठ्याला तुम्ही ठेचकाळलात. म्हणून अण्णा म्हणतात, दारच भिंतीनं बुजवा. पण निर्बंध घालायचा तर कायद्यानं, आणि तो वाजवी आहे की नाही ते न्यायालय बघणार. लिहिण्याच्या आधी सही मागायची हे यात कुठं आहे, दाखवा."

"पण गुरुजी, सही असती तर गंगारामभावजींचं नाव आलं नसतं."

"आलं असतं," गुरुजी म्हणाले. "ह्या नावावर सही पहिली मिळाली असती. प्रश्नावर मिळाली नसती."

हे ऐकून मी घरी आले. कलम गुरुजींच्या बाजूनं होतं, माझ्याही असेल. सुनंदाच्या बाजूनं काय होतं?

सभा शाळेच्या पडवीत भरली. एरवी बायका नसतात, त्या दिवशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, मी कोणाला न विचारता लिहिलं, फाका ऐकून लिहिलं, गंगारामभावजींची माफी मागते. बोलताना त्यांच्याकडं बघवेना. अण्णा म्हणाले, "माफीनं काय होतं? पोरीचं लग्न परत येतं काय? गंगाराम, हा कागद. कर सही, म्हणजे हा फळा कायमचा बंद."

गंगाराम उठला. सही करायला गेला असंच सगळ्यांना वाटलं. कागद हातात घेतला, वाचला, आणि घडी घालून परत टेबलावर ठेवला.

"फळा बंद केलात तर माझं काय?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे, वयनीनं लिहिलंन की पाइप मी नेले. तेच शेवटचं लिहिलेलं राहील ना मग? पुसलंन म्हणून काय झालं, वाचलंय गावानं, पाहुण्यांनीपण वाचलंय. नाय नेले, हे लिवायचं कुठं? माझ्या पाठीवर?"

मागून कोणी तरी हसलं. "पाठीवर एक ओळच मावेल रे गंग्या!"

"मावू दे," तो म्हणाला, पण हसला नाही. "वयनी, माझं नाव जेवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंत तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिवा. आठ दिवस ठेवा. आणि त्याच्या खाली तो तुमचा पहिला प्रश्न परत लिवा."

अण्णांनी ठराव मताला टाकलाच नाही. पुढच्या वेळी बघू म्हणाले, आणि ती पुढची वेळ आली नाही. हा काही माझा विजय नव्हे. ज्याचं मी वाटोळं केलं त्यानं माझा खडू वाचवला. हे ओझं माफीपेक्षा जड असतं.

त्याच सालच्या पावसाळ्याच्या शेवटाला वर्तमानपत्रात आलं, की दिल्लीचं सरकार अब्रुनुकसानीचा नवा कडक कायदा आणतंय आणि वर्तमानपत्रवाले रस्त्यावर उतरलेत. पुढं सरकारनं तो मागं घेतला. मी ती बातमी फळ्यावर लिहिली. गुरुजी खूश झाले, मीही झाले, आणि लिहिताना खडू दोनदा मोडला. मोठ्यांची अब्रू झाकायला आणलेला कायदा गेला, बरं झालं. पण आमच्यासारख्या 'समजते' लिहिणाऱ्यांच्या तावडीतून लहान माणसाची अब्रू कोण सोडवणार? ती कधी कायद्याच्या, कधी लिहिणाऱ्याच्या हातात असते, आणि बहुतेक वेळा कोणाच्याच नसते. मी यावर इतकी वर्षं विचार करतेय. एक दिवस वाटतं की सगळं बोलू द्यावं, दुसऱ्या दिवशी वाटतं की निदान माझ्यासारखीचा हात कोणी तरी धरायला हवा होता. मग आठवतं की हात धरायला पुढं आले ते अण्णाच होते.

पाइपांचंही सांगते. वैशाखात एका सकाळी त्यातले बरेचसे पंचायतीच्या मागं परत रचलेले दिसले. कोणी आणले, कोणी बघितलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "लिही की, अण्णांनीच आपल्या बागेतून काढून आणून टाकले." मी लिहिलं: "पाइप आले." मला तेवढंच ठाऊक होतं.

पण मला सारखी आठवते ती त्याच्या आधीची, सभेनंतरची चौथी दुपार. फळ्यावर मी लिहिलेलं होतं: "गंगाराम यांनी पाइप नेले नाहीत. मी कोणालाही न विचारता लिहिले. चूक माझी. पार्वती." आणि खाली, "पाइप कुठे गेले?" ऊन असं, की थांब्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. सुनंदा हंडा घेऊन पऱ्याकडून येत होती. ते स्थळ गेलेलंच होतं. ती थांबली, हंडा खाली ठेवला.

"काकी, पुसा हे."

"अगो, तुझ्या बाबांनी आठ दिवस ठेवायला सांगितलंय."

"त्यांनी सांगितलंन. मला कोणी विचारलंत? लिहिलंत तेव्हा नाही विचारलंत, खोडलंत तेव्हा नाही. मी दिवसातून चार वेळा इथून पाणी नेते. चारी वेळा माझ्या बापाचं नाव आणि पाइप, पाइप आणि माझ्या बापाचं नाव. नाही नेले म्हणून लिहिलंत तरी माणसं तेच दोन शब्द वाचतात."

बापाला ते राहायला हवं होतं आणि लेकीला जायला हवं होतं, दोघांचंही बरोबर. मी ओलं फडकं तिच्याकडं केलं. म्हटलं, "तुला पाहिजे तेवढं पूस."

तिनं फडकं घेतलं आणि फळ्याजवळ गेली. मला वाटलं, आता सगळा फळा एका हातानं साफ करील, आणि तसं केलं असतं तरी मी काही बोलले नसते. तिनं फक्त पहिला शब्द पुसला. बापाचं नाव. त्याच्याभोवतीची पांढरी धूळसुद्धा पदराच्या टोकानं टिपून घेतली. मग हंडा उचलून गेली.

खालचा प्रश्न होता तसाच, आणि वर उरलं ते असं, सुरुवातीला एक ओली काळी जागा सोडून: "यांनी पाइप नेले नाहीत. मी कोणालाही न विचारता लिहिले. चूक माझी. पार्वती."

आठ दिवस पुरे होईपर्यंत तसंच ठेवलं.